दारातल्या चपला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या थोरल्या जावेच्या, वहिनींच्या, दारात बायकांच्या चपलांची गर्दी असते. नाजूक, टिकल्यांच्या, सोनेरी पट्ट्यांच्या. त्यांच्या बरोबर मध्ये, उंबऱ्यासमोर, मी माझ्या काढते. त्या पुरुषी मापाच्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकीला त्या ओलांडूनच आत यावं लागतं.

कितीतरी वर्षांपूर्वी याच दारात माझ्या चपला बघून वहिनी म्हणाल्या होत्या, "अगंबाई, बायकांत पुरुष कोण येऊन बसलाय?" सगळ्या हसल्या. पाय का वाढतायत हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पुढे मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत, वाढीचं हार्मोन बेसुमार सोडणारी गाठ सापडली. नाकातून ऑपरेशन करून ती काढली. आता दरवर्षीचा रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, घोरणं थांबलंय, अंगठी बोटात सैल फिरते. सूज ओसरली. हाडं मात्र वाढली तिथेच राहिली; जबडा आणि पावलं काही माघार घेत नाहीत. माझा रागही हाडांतच शिरला असावा. तो तसूभर कमी झालेला नाही, आणि व्हावा असं मला वाटतही नाही.

यंदा वहिनी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सुमन, चपला जरा कडेला काढत जा गं. बायका विचारतात, कोणाच्या म्हणून."

"मग आजाराचं नाव सांगायचं त्यांना. ॲक्रोमेगली. म्हणा बघू."

त्या अडखळल्या. भरल्या बैठकीत मी त्यांच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, आणि मगच कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.