फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

आमचे किसनकाका ज्या दिवशी वारले, त्या दिवशी ते उमरेडला हातमागावर बसून लुगडं विणत होते. त्यांना मारलं मी. एका पोस्टकार्डाच्या जोरावर!

त्या काळी मरणाची बातमी कार्डावर येई, तेव्हा कार्डाचा एक कोपरा मुद्दाम फाडलेला असे. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि नष्ट करायचं, असा रिवाज. त्यात मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेलं. माणसाच्या चेहऱ्यावरून, चालण्यावरून, चपला काढण्याच्या पद्धतीवरून त्याच्या मनातलं ओळखतो, असं मी मोहल्ल्यात जाहीर करून टाकलं होतं. (तेव्हापासून शेजारचे लोक आमच्याकडे अनवाणीच येत.)

एका सकाळी दाराच्या फटीत कार्ड अडकलेलं दिसलं. मी हिसका देऊन ओढून काढलं. पाठवणाऱ्याच्या जागी काकांचा पत्ता आणि एक कोपरा गायब! आता पुढचं वाचायची गरजच काय?

"आई, उमरेडले कोणीतरी गेलं वं!"

आई अंगणात आंघोळीचं पाणी तापवत होती. "आत नको आणू. दे इकडे," म्हणून तिने कार्ड घेतलं आणि चुलीकडे वळली. मी उंबऱ्यातच उभा राहून शास्त्रशुद्ध मांडणी सुरू केली. त्या घरात माणसं तीन. चुलतभावाला काही झालं असतं तर कार्ड नाही, तार आली असती. काकू गेली असती तर काका सगळा मान बाजूला ठेवून स्वतः आले असते. उरले कोण? काका! (कार्डावरचं अक्षर थेट काकांसारखं होतं, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. बापाचं वळण मुलाच्या हातात उतरतं, असा निष्कर्ष मी काढला.) माझं बोलणं संपलं, तशी आईने मान हलवली आणि कार्ड चुलीत टाकलं.

बाबा आणि काका सात वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. माझ्या बहिणीच्या लग्नात काका न जेवता मांडवातून निघून गेले. बाबांच्या मते त्यांनी आमचा अपमान केला. काकांच्या मते त्यांना पाहून मोठ्या भावानं तोंड फिरवलं. बाबांनी तोंड फिरवलं होतं हे खरं, पण ते तंबाखू थुंकायला! एवढं सांगायला दोघांपैकी एकालाही सात वर्षांत सवड झाली नाही.

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. डबा घेऊन निघायच्या बेतात असताना मी त्यांना बातमी सांगितली. ते तिथंच ओट्यावर बसले.

"सात वर्षं म्हणत राहिलो, तो लहान हाये, त्यानं यावं," ते म्हणाले. "आता कोणाची वाट पाहू गा मी?"

आणि ते ढसाढसा रडले. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सगळं मानसशास्त्र क्षणात डोक्यातून उतरलं.

आवाज ऐकून शेजारच्या पौनीकरकाकू आल्या. "इतकं रडून राहिले म्हणजे मनात खोट हाये," त्या माझ्या कानात म्हणाल्या. ते ऐकू गेलं म्हणून बाबांनी डोळे पुसले, तर त्या म्हणाल्या, "पाहा! सख्खा भाऊ गेला आन डोळ्यात टिपूस नाही!" आता माणसानं करावं तरी काय? आई तर रडतही नव्हती, बोलतही नव्हती. धक्क्यानं थिजली, असं मी निदान केलं.

आम्ही एसटीने उमरेडला निघालो. स्टँडवर उतरताच आईच्या चपलेचा अंगठा तुटला. "तुम्ही दोघं व्हा पुढं," ती म्हणाली. काकांच्या गल्लीत शिरलो तर त्यांच्या घरातून मागाचा खटखट आवाज!

"बाप मेला आन पोरगा माग चालवून राहिला?" बाबा संतापले.

"बाबा, दुःख दाबायसाठी माणूस कामात बुडतो," मी समजावलं.

दारात गेलो. मागावर काका होते. त्यांनी वर पाहिलं. सात वर्षांनी मोठा भाऊ दारात, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले आणि सोबत वहिनी नाही! अंदाज बांधायचा रोग आमच्या घराण्यातच असावा.

"दादा! वहिनी...?" म्हणत काका धावत येऊन गळ्यात पडले आणि हंबरडा फोडला. "आन मले आता सांगून राहिला?"

"किसना, तू जित्ता हायेस?" बाबा त्यांना चाचपत ओरडले.

"मले काय झालं? वहिनी केव्हा गेली?"

"गेली कुठं? मागून येऊन राहिली!"

हे ऐकून स्वयंपाकघरातून आलेल्या काकूच्या हातातला तांब्या पडला. तेवढ्यात तुटकी चप्पल हातात घेऊन आई खरोखरच दारात उभी राहिली, आणि काकूही पडली!

काकू शुद्धीवर आली, चहा झाला, आणि कोपऱ्याचा विषय निघाला. "मी त अख्खं कार्ड टाकलं होतं," काका म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाराच्या फटीला मी दिलेला हिसका मला तेव्हा आठवला.

"मग लिहिलं काय होतं त्यात?" बाबांनी विचारलं.

काकांनी काकूकडे पाहिलं, मग मागाकडे. "काही नाही. पोराचं लग्न ठरलं. तुमाले बोलावणं होतं."

त्या दुपारी बाबांनी काकांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं आणि मगच स्वतः बसले. या वेळी काका जेवूनच उठले.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. मी आईला हळूच म्हणालो, "काकाचा चेहरा पाहिला? मी लगेच ओळखलं, बोलवायचंच होतं त्यांच्या मनात."

"लग्नात पाय ठेवू नका, असं लिहिलं होतं," आई म्हणाली.

"तुले कसं मालूम?"

"वाचलं."

"म्हणजे कोणी मेलं नाही, हे तुले सकाळपासून माहीत होतं? बाबा इतके रडले आन तू गप्प?"

आई झोपलेल्या बाबांकडे पाहत राहिली. "एक मेल्यावर दुसरा त्याच्या दारात जाणारच होता. मी म्हटलं, दोघं जित्ते हायेत तवाच जाऊ दे."

मी विचारलं, "पण तू वाचलं केव्हा? मी त तिथंच उभा होतो."

"कोण मेलं ते तू मले समजावून सांगून राहिला होता ना, तेव्हा," आई म्हणाली. "दोनदा वाचून झालं."