दरवर्षीची मुलाखत

“मॅडम, तुमच्या आई बाजारात ओरडून भाजी विकतात म्हणे. मग तुमचाच आवाज कसा काय बसला?”

विभागप्रमुख बोलले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या हसला. पुण्याहून बोलावलेले तज्ज्ञ हसले. मी समोरच्या खुर्चीवर, मांडीवर फाईल धरून बसलेली. कान तापले.

एक जण तेवढा हसला नाही. महेश. नवा कोट घालून टेबलाच्या त्या बाजूला बसलेला. एके काळचा माझा विद्यार्थी. त्यानं मान खाली घातली, आणि आईची गोष्ट यांच्यापर्यंत कुणी पोचवली ते मला कळलं.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवायचे. कंत्राटी. म्हणजे मे महिन्यात घरी बसवायचं आणि जुलैत परत मुलाखतीला बोलवायचं. तोच विषय, तोच वर्ग, तेच माणूस. तरी दर जुलैत मी नवी उमेदवार. बाहेरच्या बाकावर इतरांसारखीच, फाईल घेऊन.

कायम असलेले लोक संशोधन करायचे. परिषदांना जायचे. ते गेले की त्यांचे तास आमच्या गळ्यात. त्यांचं प्रॅक्टिकल आमच्या गळ्यात. कुणी पाहुणे आले की प्रमुख माझी ओळख करून द्यायचे, “या फक्त शिकवतात.”

फक्त.

त्या मुलाखतीच्या आदल्या वर्षी एक सर सोडून गेले तेव्हा त्यांच्या जागी कुणी घेतलं नाही. दोन तुकड्या एकत्र केल्या आणि मला ड्रॉइंग हॉलमध्ये पाठवलं. वर घरघरणारे जुने पंखे, मागच्या पोरांना फळासुद्धा धड दिसायचा नाही. मी ओरडून शिकवायचे. माईक मागितला तर प्रमुख म्हणाले, “तो पाहुण्यांसाठी आहे.” दिवाळीपर्यंत आवाज घोगरा झाला. संक्रांतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “स्वरयंत्रावर गाठी आल्यात. बोलणं बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल.” कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा नसते. मी दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले.

आता आईची गोष्ट. ती माझी, आणि मीच ती वर्गात सांगायचे.

आमचं गाव नातेपुते. आई बाजारात भाजी विकते. पहिल्या वर्षाला खेड्यातली पोरं येतात ना, ती शहरातल्या पोरांपुढं मिटून जातात. बाप काय करतो विचारलं की खोटं सांगतात. महेश तसलाच होता. शेवटच्या बाकावर, कुणाशी बोलायचा नाही. एकदा मी वर्गात म्हटलं, “माझी आई बाजारात ओरडून मेथी विकते. तिच्या ओरडण्यावर मी इंजिनिअर झाले. लाजायचं कशाला?” तास संपल्यावर महेश मागं मागं आला. म्हणाला, “मॅडम, माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती.” एवढंच म्हणाला आणि रडला. त्या दिवसापासून पोरगं उभं राहिलं. पुढं शिकलं, डॉक्टरेट झालं, आमच्याच विभागात कायम होऊन आलं. मला लई आनंद झाला होता. मी पेढे वाटले होते.

त्यानंच ती गोष्ट या लोकांच्या चहाला सोबत म्हणून दिली होती.

“असू द्या, गंमत केली,” प्रमुख म्हणाले. “जरा शिकवून दाखवा. नियम आहे.”

मी उठले. खडू घेतला. फळ्यावर तुळई काढली, तिच्यावर भार दाखवला. ही तुळई मी झोपेतसुद्धा शिकवली असती. तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. कुजबुज.

“मागं ऐकू येत नाही,” पुतण्या म्हणाला. मागं कुणीच नव्हतं. मागं भिंत होती.

पुन्हा हसले.

मी महेशकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. एक वाक्य. ‘मॅडमनी मला शिकवलंय.’ बास. तेवढं पुरलं असतं. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघायला लागला.

माझ्या आत काहीतरी तुटलं. आवाज हसण्यावारी नेला ते मी सोसलं असतं. दरवर्षी काही ना काही सोसतच होते. पण ते मोबाईलमध्ये बघणं सोसलं नाही.

मी खडू खाली ठेवला. होता तेवढ्या आवाजात म्हटलं, “मी ही मुलाखत देत नाही.”

“मग नोकरी पण नाही,” प्रमुख म्हणाले.

“माहीत आहे.”

बाहेर बाकावर बाकीचे कंत्राटी बसले होते. फरीदा मॅडमनी माझा हात धरला. “क्या हुआ?” मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, एखादा तरी उठेल. कुणी उठलं नाही. आतून फरीदाचं नाव पुकारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, हात सोडला, ओढणी सारखी केली आणि आत गेली. तिच्या घरी आजारी नवरा आहे. मी तिला काय बोलणार?

एसटीनं नातेपुत्याला गेले. आई बाजारातून येऊन पाय धूत होती. मी तिला घडलेलं सांगितलं. सांगायला नको होतं. ती पाय धुवायची थांबली.

“माझ्यावरनं हसली व्हय?”

“व्हय.”

मग पदरानं हात पुसत म्हणाली, “मी बाजारात बसायचं बंद करू का गं? तुझी नोकरी ऱ्हाईल की. आता ऱ्हायलंय किती? न्हाय बसले तर न्हाय.”

जन्मभर उन्हात बसलेली ती बाई माझ्यापुढं चूक केल्यासारखी उभी होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले, पण रडण्याचासुद्धा आवाज येत नव्हता. मुलाखतीच्या खोलीत मी रागावले होते. खरं कळलं ते इथं. या लोकांनी माझ्या आईला तिच्या कष्टाची लाज वाटायला लावली. ती लाज त्यांची होती आणि आम्ही ती घरी वाहून आणली होती.

“तू बसायचंस,” मी म्हटलं. “मी तितं जायची न्हाय.”

सरकारी दवाखान्यात गाठी काढल्या. आवाज आला, पण अर्धाच. डॉक्टर म्हणाले, आता मोठ्या वर्गावर उभं राहणं विसरा. मी ज्यासाठी शिकले ते काम गेलं. सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. जेवणाच्या सुट्टीत कधी कधी बोटं आपोआप हवेत तुळई काढतात. मग मी हात मांडीखाली घेते.

महेशचा फोन आला होता. “मॅडम, माफ करा. मी नवीन होतो, घाबरलो.”

मी म्हटलं, “मला माफी नको. पुढच्या जुलैत त्या टेबलावर परत तूच बसणार आहेस. तेव्हा काय करणार, ते सांग.”

मी फोन ठेवला. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.

मी थांबलेले नाही. रविवारी शहरातल्या दुसऱ्या कॉलेजांतल्या कंत्राटी शिक्षकांना गाठते. काही जण दारातूनच परत पाठवतात. काही जण ऐकतात. फरीदा दोनदा येऊन गेली, भीत भीत. आमची मागणी मोठी नाही. शिकवणाऱ्याला माईक द्या, आजारी पडला तर रजा द्या, आणि त्याच्याच वर्गासाठी त्याला दरवर्षी उमेदवार करू नका.

जुलैत मुलाखती लागतील. त्या दिवशी मी कारखान्यात सुट्टी टाकून कॉलेजच्या फाटकावर उभी राहणार. फाईल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवणार आणि सांगणार, मागण्या मान्य होईपर्यंत आत जाऊ नका. कुणी ऐकलं नाही तरी त्याच्या पुढच्या जुलैत पुन्हा उभी राहणार. पोलीस बोलवतील. बोलवू देत.