माझीच स्थगिती

वकिलीत बरीच वर्षं गेल्यावर आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाची माणसं खरं तर माझ्या नवऱ्याला भेटायला आली होती. त्याच्या भरवशावर मला उभं करायचं, असा त्यांचा बेत. नवरा कॉलेजात गणित शिकवतो. त्यानं सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं की या घरात बोलायचं काम हीच करते. मी निवडून आले. पुढं महापौरपदही महिलेला सुटलं, आणि दोन गटांचं एकमेकांच्या उमेदवारावर जमेना म्हणून हार माझ्या गळ्यात पडला.

त्या पावसाळ्यात शाहूपुरीतल्या एका गल्लीत गटारीचं पाणी दुकानांत शिरलं. तिथल्या बायका माझ्या दालनात येऊन बसल्या. मी तावातावानं अभियंत्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, एका मिसळवाल्यानं गटारीवर दगडी कट्टा बांधलाय, त्याच्याखाली सगळं तुंबतं. मग पाडत का नाही? तर म्हणे, कोर्टाची स्थगिती आहे. असल्या कामाला स्थगिती मिळवणारा वकील तरी कोण, असं मी बायकांच्या देखत विचारलं. अभियंते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, तुम्हीच."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला सगळं आठवलं. युक्तिवाद चांगला झाला होता, हे वाईट.

दुसऱ्या दिवशी मी मिसळवाल्याकडं गेले. मालक गल्ल्यावरनं उठले, खुर्ची पुसून दिली, पण कट्ट्याचा विषय काढताच हात जोडले.

"वकीलबाई, हा कट्टा म्हंजे गरिबाचं पोट हाय, असं तुमीच कोर्टात म्हणालतासा की. तवा खरं हुतं, आणि आता न्हाय व्हय?"

मी तशीच घरी परतले. रात्रभर चरफडले आणि सकाळी जुना आदेश काढून वाचला. मनाई महापालिकेला होती, मालकांना नव्हती. स्वतःचा कट्टा स्वतः पाडायला कोण अडवणार? हे त्यांना पटवायला आठवडा गेला. शेवटी ते तयार झाले, पण अट घातली: महापौरांनी हजर राहायचं आणि मिसळ खाऊनच जायचं.

नारळ फुटला. मालकांनी पहार उचलली. वार्ताहर मला सारखा सांगत होता, मॅडम, पहारीला नुसता हात लावा, फोटो चांगला येईल. मी हात पाठीमागं घट्ट बांधून उभी. हात लावला असता तर माझ्याच स्थगितीचा अवमान झाला असता.

कट्टा निघाला, पाणी धो धो वाहिलं. मग मिसळ आली. मालकांनी मानानं झणझणीत कटाची जादा वाटी ओतली. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि वार्ताहरानं नेमका तोच फोटो काढला.

सकाळी पेपरात मथळा होता: नागरिकाच्या त्यागानं महापौर भावुक.