साखर माझी, दमा समोरच्याचा

परीक्षानळी पुन्हा विटकरी झाली, तेव्हा मी कांबळेबाईंवर आवाज चढवला.

"बाई, खरं सांगा. घरात गोडधोड काय चाललंय?"

"गुळाचा खडाई तोंडात टाकला नाही, साहेब." एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, बोथ गावी तेव्हा माझा दवाखाना होता. रक्तातली साखर जागच्या जागी मोजायची सोय नव्हती. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं झालं तर थोडीफार, आणि विटकरी झालं तर भरपूर. मी गोळ्या वाढवत होतो आणि बाईंची नळी दर खेपेला विटकरीच होत होती.

बाई बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यात शिक्षिका होत्या. शाळेत मराठी शिकवणाऱ्या त्या एकट्याच. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खुर्ची धरायची वेळ यायची. हेडमास्तर म्हणत होते, लांब रजा काढा.

"मी रजेवर गेली का मराठीचे वर्ग बंदच होतीन," बाई म्हणाल्या. "मंग थे पुन्हा कोन सुरू करते? मले उभं राहाचं हाय, साहेब."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मूळच्या काटकुळ्या बाईंचे गाल फुगले होते, चेहरा गोल गरगरीत झाला होता. असा चेहरा आम्ही डॉक्टर लांबून ओळखतो. स्टेरॉइड. दम्याला या गोळीनं झटकन आराम पडतो, पण ती बरेच दिवस चालली की तोंड सुजतं आणि साखर वाढते. मी ती दिलेली नव्हती.

मग कोणी दिली? मला विचारायची गरजच नव्हती. समोरच्यानं!

समोरचा म्हणजे डॉक्टर श्रीनिवास. वारंगलकडचा तेलुगू माणूस, माझ्यापेक्षा बराच लहान, डिग्री माझ्याइतकीच. त्यानं रस्त्यापलीकडे दवाखाना थाटला आणि माझी झोप उडाली. त्याच्या पायरीवर चपलांचा ढीग दिसला की मी जोड मोजायला लागायचो. तेलुगू पेशंट त्याच्याकडे गेले, ते समजण्यासारखं होतं. पण माझ्या भाषेची माणसं? त्याला 'पोटात मळमळतं' एवढंसुद्धा धड म्हणता यायचं नाही. मी नांदेडकडचा, अस्सल मराठी. तरी धोतर, लुगडी, पटके रस्ता ओलांडून तिकडे जायचे आणि परतताना माझ्या दारावरून मान खाली घालून निघायचे. माझा जळफळाट व्हायचा.

"दम्यासाठी कुठं जाता?" मी विचारलं.

"कुटंच नाही, साहेब."

त्यांचे यजमान काशिनाथराव तहसीलमध्ये कारकून होते. बाईंच्या शेजारीच बसले होते, ते चुळबुळले. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं. "साहेब, राग नका मानू. साखरेले तुमचा हातगुण हाय. दम्याले समोरच्या डाक्टरचा. तुमाले वाईट वाटंल म्हणून त्यायच्या गोळ्या घरीच ठेवून येतो आमी."

आमच्या भागात ही रीतच होती. एका डॉक्टरच्या दारात दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. तो अपमान समजत. त्यामुळे दुखणी वाटून दिली जायची आणि पेशंट प्रत्येकाकडे एकेकच दुखणं घेऊन जायचा. माझ्या वाट्याला साखर आली होती. दमा त्याला का दिला, हे मनाला लागलंच.

पण त्याहून जास्त आनंद झाला, तोही लपवत नाही. तो सापडला होता! स्टेरॉइड देऊन दोन दिवसांत पेशंट खूश करतो आणि नाव कमावतो. मी काशिनाथरावांना त्या गोळ्या आणायला पिटाळलं. त्या हातात आल्यावर बाईंना घेऊन प्रथमच समोरच्या पायऱ्या चढलो. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेलो होतो.

"रावाली, डॉक्टर गारू," म्हणजे 'या, डॉक्टरसाहेब' असं तेलुगूत म्हणत तो खुर्ची सोडून उठला. मी गोळ्या टेबलावर टाकल्या.

"ये मैंने दिया," तो म्हणाला. "पण थोडेच दिवस. तेव्हा बाईला लई दम होता."

"अजून चालू आहेत," मी म्हणालो.

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर सारखा केला. "घेतल्यावर बरं वाटे, सर. म्हणून मीच दुकानातून आणून घेऊन राह्यली."

माझा हल्ला तिथंच फुसका निघाला. तो मात्र बाईंपुढे स्टूल ओढून बसला.

"बाई, दम केव्हापासून जास्त?"

"होळीपासून."

"होळी मंजे? होळीच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"नंतर काय नवीन झाला? आणखी गोळी कोणती?"

"कोनतीच नाही."

"कोनतीच नाही? की डॉक्टरला नाही सांगायची?"

काशिनाथरावांना हसू फुटलं. घरून आलेल्या औषधांच्या पिशवीच्या तळातून बाईंनी एक पाकीट काढलं. निर्मल गावच्या एका डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेली गोळी. होळीनंतर सुरू केलेली. बीपीला हातगुण त्यांचा होता.

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. ही गोळी बीपी उतरवते, पण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळते. म्हणजे निर्मलच्या गोळीनं दमा वाढला, दम्यासाठी स्टेरॉइड चालू राहिलं, स्टेरॉइडनं साखर चढली आणि साखरेसाठी मी गोळ्या वाढवत होतो. गोळ्यांचे हे गुण मलाही माहीत होते. पण विचारलं त्यानं.

"एका डॉक्टरनं सगळं बघितलं पायजे," श्रीनिवास म्हणाला. "डॉक्टर गारू सीनियर आहेत. तुमची भाषा आहे. यांच्याकडे जावा."

बरोबर बोलला. मी तर मनातल्या मनात पुढची औषधं ठरवूनही टाकली होती.

बाईंनी ते पाकीट श्रीनिवासच्या टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेब, तुमी लई हुशार हाव. आमी तोंड उघडलं का तुमाले अर्ध्यातच समजते. यायले समजत नाही, म्हणून हे पुन्हा पुन्हा इचारतेत. मंग मले सारं सांगता येते. मी यायच्याकडंच येत जाईन."

माझे कान तापले. "जशी तुमची मर्जी," असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. काशिनाथराव हात जोडून दारापर्यंत आले. रस्ता ओलांडताना चहाच्या टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटत होतं.

श्रीनिवासनं बीपीची गोळी बदलली. स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही, ते त्यानं हळूहळू उतरवत बंद केलं. दमा आटोक्यात आला आणि मागोमाग साखरही उतरली. हे मला काशिनाथरावांनी सांगितलं. माझ्याकडे आता नळी उकळायला बाई येतच नव्हत्या. रजा घ्यावी लागली नाही. वर्ग चालू राहिले. पुढे एकदा बाजारात दिसल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तुरुतुरु चालत होत्या. "जय भीम, साहेब," म्हणाल्या. मीही हसून जय भीम केला. बाईंना बरं वाटलं याचा आनंद होता. ते माझ्या हातून झालं नाही याची जळजळ त्याहून थोडी जास्त होती.

दुखणी अनेक असली तर डॉक्टर एकच धरा, जो तुमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकेल असा. आणि त्याच्यापासून काहीही लपवू नका. हा सल्ला मी त्यानंतर प्रत्येक पेशंटला देत आलो. बरेच जण ऐकायचे आणि समोर जायचे.