लिओनाची दोन वचनं

निम्मे बटाटे सोलून झाले होते, निम्मे अजून मातीसकट परातीत होते, तेवढ्यात मावसभाऊ विल्फ्रेड स्वयंपाकघरात येऊन बसला.

"लिओना, पक्षाच्या नेतेपदासाठी उभा राहतोय मी. तुझं मत मलाच ना?"

"वेडा की काय! दुसऱ्या कुणाला देणार?" लिओनाने चहा ओतला. पण तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसलेल्या, त्याच पदासाठी उभ्या असलेल्या शाळेच्या मोनाबाईंनाही ती हेच बोलली होती. मोनाबाईंनी तिच्या चारही मुलांना वाचायला शिकवलेलं. टिग्निशसारख्या लहान गावात आपल्या घरात कप हातात धरून बसलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धतच नाही.

सव्वीस वर्षं पक्षाच्या सभांचा चहा लिओनाकडे होता. कोणाला साखर किती आणि कोण कधी रुसणार, हे तिला तोंडपाठ. पण रोज जपमाळ ओढणारी बाई ती. दिलेला शब्द तिच्या लेखी राजकारणातही शब्दच.

तिने दोन्ही वचनांचं सांगितल्यावर नवरा लेव्ही म्हणाला, "अगं, उभे तिघं. तिसरा तो शहरातला वकील. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाही पडली, तर शेवटचा बाद होतो आणि पुन्हा मतदान. आधी विल्फ्रेडला दे. तो बाद झाला की मोनाबाईंना."

"म्हणजे भावाला मत द्यायचं आणि तो पडावा म्हणून प्रार्थनाही करायची?"

"प्रार्थना हळू आवाजात कर म्हणजे झालं."

तिने चर्चमध्ये संत ॲनच्या मूर्तीपुढे दोन मेणबत्त्या लावल्या. एक मागण्याची, एक माफीची.

पक्षाचं अधिवेशन शार्लटटाउन शहरातल्या आइस हॉकीच्या मैदानात होतं. बर्फावर फळ्या टाकलेल्या, तरी पाय गारठत होते. लिओनाने विल्फ्रेडच्या नावापुढे खूण केली. तासाभराने आकडे आले: वकील तीनशे पाच, विल्फ्रेड दोनशे अकरा, मोनाबाई दोनशे दहा. मोनाबाई बाद.

लिओनाने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. तिचं एक मत तिकडे गेलं असतं, तर बाई राहिल्या असत्या आणि विल्फ्रेड बाद झाला असता. दुसऱ्या फेरीत तिने पुन्हा विल्फ्रेडलाच मत दिलं, पण वकील आरामात निवडून आला.

परतीचा प्रवास मोनाबाईंच्याच गाडीतून. वाटेतलं समरसाइड येईपर्यंत लिओनाने कसाबसा दम धरला.

"बाई, तुम्हाला कमी पडलं ते एक मत माझं. तुम्हाला शब्द दिला होता, विल्फ्रेडलाही दिला होता."

लिओनाने खिशातली जपमाळ घट्ट धरली.

"चारशे बारा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"इतक्या जणांनी मला शब्द दिला होता. नावं लिहून ठेवलीत. तोंडावर कबूल करणारी तू एकटीच."

"मग माफ केलंत?"

"माफ केलं. पण शिक्षा चुकत नाही. तुझ्या पोरांना कधी सोडलं होतं का मी?"

"नाही हो. थोरला अजून सांगतो."

"मग ऐक. टिग्निशपासून नॉर्थ केपच्या टोकापर्यंत रस्त्याच्या कडेला माझ्या नावाच्या चाळीस पाट्या आहेत. मला आता त्या बघवणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा संपल्यावर लिओनाने लेव्हीचे जाड हातमोजे घातले आणि ट्रक घेऊन ती पाट्या उपटायला निघाली.