मी वाचवलेलं यंत्र

सांगते, पण हसायचं ते माझ्यावर हसा. माझ्या भाचीकडे बघून कुणी दात काढले, तर गाठ माझ्याशी आहे!

सोनईच्या शिवारात पाण्याची मोटार अडली की माणसं मला हाक मारतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, शॉक खात खात शिकले. तीन फेजपैकी एक गेली, तर मोटार नुसती गुणगुणते आणि जळते. तेव्हा विचार करत बसायचं नाही. आधी स्विच पाडायचा! हीच अक्कल गाठीला बांधून, सत्त्याण्णवच्या सुमारास, मी पुण्याला गेले.

मीच वाढवलेली भाची, माया, तिथल्या प्रयोगशाळेत लेझरचा उजेड हवा तसा जुळवायचं काम करायची. लई वाट बघून तिला यंत्राची एका दिवसाची पाळी मिळाली होती. उंदराच्या मेंदूच्या तुकड्यात खोल उजेड घालून आतले फोटो काढायचे. ते निघाले तर नोकरी पक्की.

अंधारी खोली. समोर पुठ्ठ्यावर लेझरचा लाल ठिपका.

"मावशी, लाल उजेड मांसात आत शिरतो. त्याच्याही पुढं नेला ना, की..."

"मला नको शिकवू! टॉर्चवर तळहात धरून लाल उजेड तुला कुनी दावला हुता?"

"अगं, पण ऐक तरी!"

"तू तुजं काम कर."

बिचारी पुन्हा यंत्राकडे वळली. हळूहळू स्क्रू फिरवत राहिली. ठिपका मंद झाला. आणखी मंद. आणि गेलाच! यंत्राची गुणगुण मात्र चालूच!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

"माये, एक फेज गेली! जळंल सगळं!" म्हणत मी भिंतीवरचा मोठा स्विच खाडकन पाडला.

"मावशी! काय केलंस?"

"यंत्र वाचवलं तुजं!"

तिचे साहेब धावत आले. "कुणी बंद केलं?"

"मी. आभार सावकाश माना."

अंधारातून मायाचा आवाज आला, "उजेड गेला नव्हता, मावशी. डोळ्याला दिसेनासा झाला होता. तोच सगळ्यात खोल जातो. सकाळपासून तिथंच आणत होते."

यंत्र पुन्हा स्थिरावेपर्यंत पाळी संपली. नोकरी दुसऱ्या एकाला मिळाली. त्याची मावशी घरीच बसली होती ना!

मायानं मला एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर भांडले तरी असते!

पुढं गावी शेजारचा नाना पळत आला. "अक्का, मोटार गुणगुणतीया! एक फेज गेली वाटतं!"

म्हटलं, "थांब रं, कुनाची ते बघू आधी. मागच्या खेपेला माजीच गेल्ती."