नरसव्वा आणि अठरा खाटा

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, मी नातवंडांना पत्र लिहीत बसले होते. शुश्रूषागृहातला स्वयंपाकी सदाशिव दारात येऊन उभा राहिला. पायातल्या वहाणा त्याने काढल्या नाहीत, तेव्हा तो उंबऱ्यावरूनच काही सांगून परतणार हे कळले. "बाई, नरसव्वा गेली. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले, टाकाचे टोक पुसले, दौतीला झाकण लावले आणि मग उठले. तो तोवर उभाच होता. माझी ही सवय त्याला ठाऊक आहे.

ते पत्र नैरोबीला जायचे होते. माझा मुलगा तिकडे रेल्वेत आहे आणि त्याच्या मुलांनी सोलापूर पाहिलेले नाही. पत्रात पुढे नरसव्वाबद्दल दोन ओळी लिहाव्यात असे मनात आले, पण ती कोण, हे दोन ओळींत मावेना. म्हणून हे वेगळे, मासिकासाठी लिहिते आहे. अंक आगबोटीने महिन्याभराने का होईना, मुलांच्या हातात पडेल.

मुलांनो, आमचे शुश्रूषागृह म्हणजे गावाच्या कडेला एका देणगीदाराने दिलेली लांबट इमारत. ज्यांना कोणी नाही आणि ज्यांना उठता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे अठरा खाटा आहेत. मी तिथल्या मंडळाची चिटणीस होते. मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकल्यामुळे मला वेळापत्रकाचे फार वेड. कोणी कोणाला केव्हा पाणी पाजायचे, केव्हा कुशीवर वळवायचे, केव्हा पाठ पुसायची, याचा एक मोठा तक्ता सुबक मराठी अक्षरांत करून मी भिंतीला लावला होता. आमचे आठ नोकर तो बिनचूक पाळत असत, याचा मला अभिमान होता. दोन वर्षांनी कळले की सेवेच्या कामावरच्या एकीलाही तो वाचता येत नव्हता. "मग तू आजवर वेळ कशी पाळलीस?" मी नरसव्वाला विचारले. "भोंग्यावर की, बाई," ती म्हणाली. "गिरनीचा पयला भोंगा झाला की पानी, दुसरा झाला की कूस. तुमचा कागद भिताडाला छान दिसतोय, ऱ्हाऊ द्या."

ती तेलुगू विणकरांच्या घरातली. तरुणपणी गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात होती. कापसाच्या धुळीने खोकला जडला तेव्हा ते काम सुटले आणि ती आमच्याकडे आली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. म्हाताऱ्यांना ती उचलत असे ती एका हाताने मान आणि दुसऱ्याने गुडघे धरून, आणि उचलताना त्यांना हमखास काहीतरी टोमणा मारी, म्हणजे त्यांचे लक्ष दुखण्यावरून उडे. "आजोबा, लई जड झालासा. चोरून काय खाताय?"

मग एका वर्षी पुन्हा प्लेग आला. आधी आमच्या मागच्या बोळात उंदीर मरून पडू लागले. मग नव्या पेठेतली दुकाने एकेक करून बंद झाली आणि माणसे घरे खाली करून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायला गेली. तेव्हाची रीतच तशी होती. आमच्या नोकरांनाही घरे होती, मुले होती. एकेक जण येऊन सांगून गेला, कोणी खोटे बोलला नाही. आठ दिवसांत आठांचे तिघे उरले: सदाशिव, दारावरचा म्हातारा पहारेकरी आणि नरसव्वा. मी धरून चौघे. अठरा माणसे माळावर हलवणे शक्य नव्हते. कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले, कोणाचे अर्धे अंग गेलेले. त्यांना दिवसभरात पाणी मिळाले नाही आणि कूस बदलली नाही, तर ती प्लेगशिवायच जाणार होती. प्रश्न तेवढाच होता.

नरसव्वाची मुलगी एका दुपारी तिला न्यायला आली. आत यायला भीत होती, म्हणून फाटकाबाहेरूनच हाका मारीत राहिली. आधी दोघी तेलुगूत भांडल्या. मग मला कळावे म्हणून असेल, मुलगी मराठीत म्हणाली, "हितं एकाला गाठ आली तर तुला झोपडीत कोन घील? चल की आई!"

"मी आले तर ह्यास्नी कुशीवर कोन वळवील?" नरसव्वा म्हणाली. "तुजा नवरा? त्याला सोताची कूस बदलायला दोन मानसं लागत्यात."

मुलगी हसली नाही. पदराने डोळे पुसत गेली. नरसव्वाने फाटक लावून घेतले, मग आत येऊन तिने विचारले, "बाई, बदलीवाल्या आनू का?"

गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरते घेतात तो बदलीवाला. अशी माणसे सकाळी फाटकापाशी जमून वाट पाहतात. निम्म्या गिरण्या बंद पडल्या होत्या, भोंगाही थांबला होता, आणि कांड्या भरणाऱ्या बायका रिकाम्या होत्या. मी म्हणाले, "त्यांना शुश्रूषेतलं काय कळतं?"

"कळत न्हाय. पन हात हायत की."

मला मंडळाचा ठराव हवा होता. अध्यक्ष गावाबाहेर बंगल्यात राहायला गेले होते, त्यांना चिठ्ठी पाठवली आणि उत्तराची वाट पाहिली. त्यात तीन दिवस गेले. तेवढ्यात अर्धांगवायूच्या एका म्हाताऱ्याची पाठ सोलून निघाली. नरसव्वाने मला हाताला धरून त्याच्या खाटेपाशी नेले आणि चादर उचलली. मी ठरावाशिवाय हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती सहा बायका घेऊन आली. प्लेगची लस टोचून घेतल्याशिवाय कोणाला आत घेणार नाही, हा माझा नियम. बायका सुईला घाबरून मागे सरू लागल्या, तेव्हा नरसव्वाने पुढे होऊन आपला दंड उघडा केला. "लई दुकतं का गं?" एकीने विचारले. "सासूच्या चिमट्याएवडं," ती म्हणाली, "आन् सासूसारकंच दोन दिस ठनकतं." सहाही जणींनी टोचून घेतले. मग तिने त्यांना गिरणीतल्या मुकादमाप्रमाणे खाटा वाटून दिल्या. "ह्ये तीन माग तुजे. ह्यो म्हातारा वरडतो, पन चावत न्हाय."

भोंगा नव्हता आणि तक्ता त्या बायकांना वाचता येत नव्हता, म्हणून तिने घरच्या मागावरचे उरलेसुरले सूत आणले. पाणी पाजले की खाटेच्या पायाला पांढऱ्या सुताची गाठ, कूस बदलली की तांबड्याची, संध्याकाळी सगळ्या सोडायच्या. काम अर्धे टाकून उठताना खूण बांधायची ही त्यांच्या घरातली पद्धत. कोणीही नवखी बाई आली तरी खाटेच्या पायाकडे पाहून तिला कळे. मला मात्र तो पसारा वाटला. त्या गाठींचा अर्थ मी तिला विचारला नाही. माझ्या मते तो अडाणी बायकांचा काहीतरी तोडगा होता.

एक खाट वेगळी होती, अंबूताईची. ती सोवळ्यातली विधवा, विणकर बायकांच्या हातचे पाणी घेत नसे. त्यावर नरसव्वा रागावली नाही. तिने ठरवले की अंबूताईला सकाळी सदाशिवने पाणी द्यायचे आणि दुपारी मी. आमच्यामागे गाठ ती स्वतः बांधून ठेवी, आणि गाठ नसली की आमच्यापैकी जो मोकळा असेल त्याला हाक मारी. अंबूताईने आपण होऊन कधी पाणी मागितले नाही. मागणे तिला कमीपणाचे वाटे.

चौथ्या आठवड्यात आरोग्य अधिकारी पाहणीला येणार असा निरोप आला. त्याच दिवशी नरसव्वाच्या नातीला ताप आल्याचे कळले आणि ती सकाळीच माळावर गेली. एवढ्या दिवसांतली तिची पहिली रजा. मी पांढऱ्या चादरी घातल्या, तक्ता पुसला आणि कात्री घेऊन अठरा खाटांच्या पायांवरचे सगळे सूत कापून टाकले. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. मला विचारायला कोणी धजले नाही. आपापल्या तीन खाटांचे त्यांनी आठवणीने केले. अंबूताईचे पाणी मात्र त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते. सदाशिव चुलीपाशी गुंतला होता, त्याला वाटले मी पाणी दिले. मी अधिकाऱ्यांच्या मागे फिरत होते, मला वाटले त्याने दिले. उन्हाळा लागला होता. अधिकारी जाताना म्हणाले, व्यवस्था नमुनेदार आहे.

दिवेलागणीला नरसव्वा परतली. नातीचा ताप साधाच होता. दालनात पाऊल टाकताच तिने खाली पाहिले. "गाठी कुटं हायत?" मी सांगितले. ती एकेका खाटेजवळून चालत गेली, प्रत्येकाच्या ओठांना बोट लावून पाहत, आणि अंबूताईपाशी थांबली. अंबूताईची जीभ टाळूला चिकटली होती. चमच्याने पाणी घातले ते बाहेर आले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नरसव्वा मला एवढेच म्हणाली, "इचारायचं होतं की, बाई."

दुसऱ्या सकाळी तिने मला तीन खाटा दिल्या. मी सातवी बदलीवाली झाले. प्रत्येक खेपेनंतर गाठ मारते की नाही, हे ती लांबून पाहत असे, आणि चुकले तर सगळ्यांसमोर हाक मारी, "ओ चिटनीसबाई, तांबडं कुटं हाय?" मला ते लागत नव्हते असे म्हणणार नाही. पावसाळ्यापूर्वी प्लेग ओसरला, माणसे घरी परतली, गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला. अठरापैकी सतरा माणसे राहिली होती.

त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिले: अंबूताई, वृद्धापकाळाने. डॉक्टरांनीही तसेच सांगितले होते. नरसव्वाला वाचता येत नव्हते आणि अहवालात काय आहे हे तिने कधी विचारले नाही. मी आता लिहिते आहे, मुलांनो, ते खरे आहे. अंबूताईला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोणी पाणी दिले नाही, कारण तिला पाणी मिळाले की नाही हे सांगणारी खूण मी कापून टाकली होती. हे मी नरसव्वा असताना लिहायला हवे होते... तिने ते सदाशिवकडून वाचून घेतले असते आणि मला काहीतरी तिखट ऐकवले असते.

गेल्या आठवड्यात मी शुश्रूषागृहात गेले. चिटणीसपद सोडून काही वर्षे झाली, आता तिथे माझे काम नसते. नरसव्वाच्या जागी एक तरुण बाई घेतली आहे. ती खाटेखाटेशी थांबून प्रत्येकाला मोठ्याने विचारत होती, "पानी?" नुकतेच प्यायलेल्यालाही विचारत होती. एक आजोबा चिडून म्हणाले, "अगं, आत्ता तर दिलंस!" तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या खाटेशी गेली. हे तुला कोणी शिकवले, असे मी विचारले. ती म्हणाली, नरसव्वाने. गाठ दिसली तरी तोंडाने विचारायचे, असे तिचे सांगणे होते. केव्हापासून, का, ते तिला ठाऊक नव्हते.

मग तिने माझ्याकडे पाहिले. मी कोण, हे तिला माहीत नव्हते. दाराशी बाकावर बसलेली एक म्हातारी बाई, एवढेच तिला दिसले असणार. तांब्या घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पानी?"

मला तहान नव्हती. मी ओंजळ पुढे केली.